ट्रेकसाठी वॉटरप्रूफ पॅन्ट: बाहेरून भिजते की आतून?

फाटकी_छत्री | ७ जुलै, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, इथे डोंगरवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. आधी असा धागा निघाला असेल तर लिंक द्या पण रागावू नका, शोधून दमले.

तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आणि नवरा उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड करणार आहोत. मी बेचाळीस, तो सेहेचाळीस, दोघंही पुण्यात खुर्चीत बसून पोट भरणारे, म्हणून मे महिन्यापासून दर रविवारी सिंहगड चालू आहे आणि परवा जरा मोठा म्हणून तोरणा केला. त्यासाठी मी खास नवीन पॅन्ट घेतली, ब्रीदेबल (म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारी) वॉटरप्रूफ, लेबलवर १०,०००/१०,००० छापलंय, साडेतीन हजार मोजले. वेल्ह्यातून निघाल्यापासून पाऊस. पहिल्या सोंडेवरच मांड्यांना गारगार लागायला लागलं आणि वर मेंगाईच्या देवळात पोचून बघते तर आतली बाजू पिळून घ्यावी इतकी ओली! नवरा जुन्या ट्रॅकपॅन्टवर होता, तोही भिजला, पण देवळात पोहे खाईपर्यंत त्याची पॅन्ट अर्धी सुकली सुद्धा आणि मी उतरून गाडीत बसेपर्यंत चिंब. वर म्हणतो कसा, तू साडेतीन हजारात भिजलीस, मी फुकटात भिजलो.

आता प्रश्न. पॅन्ट गळतेय का? गळत असेल तर परत करते, बिल आहे. आणि हिमालयासाठी काय घ्यावं, पंधरा वीस हजारांची गोरटेक्सवाली (त्या नावाच्या महागड्या वॉटरप्रूफ कापडाची) घेतली तर फरक पडतो का, की तिथेही हेच होणार?

चहाबाज | ७ जुलै, रात्री ११:०५

दुकानदाराला दोष देण्याआधी घाम किती येतो ते सांगा. आमच्या ग्रुपात एक जण आहे, त्याची पॅन्ट पाऊस नसताना पण आतून ओली असते. (हलके घ्या)

नळीतून_खाली | ७ जुलै, रात्री ११:३१

ताई, सह्याद्रीत पावसाळ्यात कोरडं राहायचं ही कल्पनाच डोक्यातून काढून टाका. बावीस वर्षं झाली फिरतोय. सुरुवातीला जीन्स घालून गेलो (सगळेच जातात), मग टू-व्हीलरवाला रेनसूट घालून गेलो, तो तर प्रेशर कुकर आहे, मग तुमच्यासारखीच एक भारीतली घेतली. ती तिसऱ्याच ट्रेकला एका नळीत (डोंगरातल्या अरुंद घळीत) बसत बसत उतरताना मागून फाटली, आणि उरलेला भाग करवंदीच्या जाळीने फाडला. तेव्हापासून पातळ नायलॉनची क्विकड्राय पॅन्ट, आत सायकलवाले घालतात तशी घट्ट शॉर्ट म्हणजे जांघा काचत नाहीत, आणि सॅकमधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड जो गावात परत आल्याशिवाय काढायचा नाही म्हणजे नाही. भिजायचं, चालत राहायचं, चालताना अंगाच्या उबेने सुकतं. थांबलं की मात्र वाऱ्याला उभं राहू नका. कळसूबाईच्या माथ्यावर जुलैत मी धडधाकट पोरांचे दात वाजताना बघितलेत.

खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन निघतानाच लावा, काचल्यावर लावून उपयोग नाही.

लिंबूगोळी | ८ जुलै, सकाळी ७:१२

नळीतून_खाली यांना +१

वाफेचं_इंजिन | ८ जुलै, सकाळी ९:५०

चहाबाज यांनी गंमत केली पण उत्तर तेच आहे. जरा सविस्तर लिहितो, ऑफिसात आज काम कमी आहे.

लेबलवरचा पहिला आकडा पाण्याच्या खांबाचा, मिलिमीटरमधे. १०,००० म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाणी उभं केलं तेव्हा कुठे ते झिरपलं. नुसत्या पावसाचा दाब याच्या जवळपासही जात नाही. फक्त ओल्या कातळावर गुडघा टेकलात आणि सगळं वजन त्या बोटभर हाडावर आलं तर तेवढ्या जागी दाब दहा मीटरच्या पुढे सहज जातो, म्हणून गुडघे आधी ओले होतात.

दुसरा आकडा वाफेचा. एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते तो. १०,००० ला २४ ने भागा, तासाला साधारण चारशे ग्रॅम. चढावर दमलेला माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो, म्हणजे लेबल खरं मानलं तरी हिशेब तोकडाच. आणि ते तसं खरं नाहीच, कारण हे मोजायच्या पद्धती तीन-चार आहेत आणि एकाच कापडाचे वेगवेगळ्या पद्धतीने फार वेगळे आकडे येतात, त्यामुळे या कंपनीचे वीस हजार आणि त्या कंपनीचे दहा हजार यांची तुलना करूच नका.

आता मुख्य मुद्दा, जो दुकानात कोणी सांगत नाही. कापडाच्या आत पाणी अडवणारा जो पातळ पडदा असतो तो वाफ ढकलत नाही. वाफ आपणहून जाते, आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच. अंगाजवळ ३३ अंशाची घामट हवा धरा, तिथे दाब पाच किलोपास्कलच्या आसपास. तोरण्यावर जुलैत बाहेर २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के धरली तर बाहेरचाच दाब २.८. फरक उरला २.२. तेच तुमच्या व्हॅलीच्या वाटेवरच्या घांगरियाच्या वर १० अंश आणि ९० टक्के धरा, बाहेर १.१, फरक ३.९. म्हणजे तीच पॅन्ट, तोच घाम, आणि हिमालयात ती जवळपास पावणेदोनपट काम करणार. हे तंत्रज्ञान थंड हवेसाठीच आहे, आपण ते वाफाळत्या भांड्यात नेऊन वापरतो आणि मग शिव्या देतो.

फाटकी_छत्री | ८ जुलै, दुपारी १:२०

बाप रे, इंजिन साहेब, हे मी दोनदा वाचलं आणि कळलं! पण मग ती गळत नाहीये हे कशावरून?

वाफेचं_इंजिन | ८ जुलै, दुपारी १:४४

घरी बघता येईल. पॅन्ट उलटी करा, म्हणजे आतली बाजू बाहेर. बैठकीचा भाग झोळीसारखा धरून त्यात दोन तांबे पाणी ओता आणि बादलीवर अर्धा तास टांगून ठेवा. मग खालून हात फिरवून बघा, विशेषतः जिथे दोन्ही पायांच्या शिवणी मधोमध एकत्र येतात तिथे. गळायची असेल तर तिथूनच गळणार. मग गुडघ्यांवर हेच करा.

पाणी शिवणींवर आतून लावलेल्या टेपेवरून नाही, कापडाच्या बाजूने आलं पाहिजे, म्हणून उलटी करायला विसरू नका.

आंबोलीचा_गणू | ८ जुलै, रात्री ९:१५

तुमचे किलोपास्कल वाचून आमची आजी आठवली. भातलावणीला तिच्या डोक्या-पाठीवर इरलं असायचं, बांबूच्या कामट्या आणि मधे पानं घातलेली. वाकून दिवसभर चिखलात, वरून पाऊस कोसळतोय आणि पाठ कोरडी. कारण खालून सगळं उघडं! हवा खेळती. पाय मात्र पोटरीपर्यंत पाण्यात, त्याला ती कोरडं ठेवायच्या भानगडीत पडलीच नाही, लुगडं वर खोचलं की झालं. वरच्या अंगाला धनगरांची घोंगडीची खोळ तशीच, लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही.

अवांतर: आमच्याकडे येणार असाल तर जळवांसाठी पॅन्ट मोज्यात खोचा, वॉटरप्रूफ असो नसो. जळू लेबल वाचत नाही.

धुक्यातली_आजी | ९ जुलै, पहाटे २:३८

इंग्लंडच्या उत्तरेतून लिहितेय, लेक डिस्ट्रिक्टच्या जवळ राहतो आम्ही, वीस वर्षं झाली, दर शनिवारी डोंगर. आमच्याकडचं सीथवेट हे इंग्लंडातलं सगळ्यात पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर त्याच्या कितीतरी पुढे आणि ते पण चार महिन्यांत! तरी इथे वॉटरप्रूफ पॅन्ट जवळ नाही असा माणूस डोंगरावर दिसत नाही आणि तुमच्याकडे दिसतो, आणि दोघंही बरोबर आहेत. इथे नोव्हेंबरात पाच अंश, आडवा पाऊस आणि वारा. तुमच्याकडे भिजलं तर गंमत, इथे भिजून दोन तास वाऱ्यात राहिलात तर हेलिकॉप्टर.

पण एक पद्धतीचा फरक सांगते. इथे बहुतेक लोक वॉटरप्रूफ पॅन्ट घालून निघत नाहीत. रोजची पातळ पॅन्ट पायात असते आणि ओव्हरट्राउझर सॅकच्या वरच्या कप्प्यात, पाऊस खरंच लागला की वरून चढवायची आणि थांबला की काढायची. म्हणून माझ्या मते आकड्यांपेक्षा चेन बघा. पायाच्या बाजूला घोट्यापासून निदान गुडघ्याच्या वर, शक्यतो कमरेपर्यंत उघडणारी चेन हवी. बूट न काढता पॅन्ट चढली पाहिजे. माझी पहिली पॅन्ट घोट्याशी वीतभर चेनवाली होती, एकदा गारांच्या पावसात एका पायावर उड्या मारत बूट काढला, मोजा चिखलात, दुसरा पाय पॅन्टीत अडकलेला, यजमान फोटो काढतायत. घरी आल्यावर ती पॅन्ट बागेत गुडघे टेकायला ठेवली ती आजतागायत.

आणि ती चेन वरून थोडी उघडी ठेवता येते, चढावर मांडीला वारा लागतो. कुठलाही पडदा जितकी वाफ सोडेल त्यापेक्षा त्या उघड्या चेनमधून जास्त जाते. गणूच्या आजीचं इरलंच ते!

चहाबाज | ९ जुलै, सकाळी ८:०१

आजी, तो फोटो टाका

मुक्काम_पोस्ट | ९ जुलै, सकाळी १०:२६

वाचनखूण साठवली. मी मुंबईकर, एक भर घालतो. मी २०१९ ला अशी एक पॅन्ट घेतली, दोनदा वापरली, मग लॉकडाऊन, मग पोरगी झाली, पॅन्ट घडी करून कपाटात. तीन वर्षांनी उघडली तर आतली बाजू चिकट, शिवणीवरची पट्टी केळ्याच्या सालीसारखी सुटून आली, आणि हाताला पांढरा भुगा. आतला लेप पॉलियुरेथेनचा होता, दमट उबदार हवेत तो हळूहळू कुजतोच म्हणे, वापरा अगर नका वापरू. तेव्हा "एकदाच भारीतली घेऊ, जन्मभर पुरेल" असं मुंबई-कोकणात मनात आणू नका. वापरून झाली की धुवून, पूर्ण सुकवून, घडी न घालता हँगरला लावायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायची नाही.

फाटकी_छत्री | ९ जुलै, रात्री ९:५८

प्रयोग केला! न्हाणीघरात पॅन्ट उलटी करून बादलीवर धरून बसले, नवरा मोबाईलवर वेळ लावून शेजारी. दोन तांबे पाणी. दहा मिनिटं काही नाही, वीस मिनिटं काही नाही, मी तर आशाच सोडली होती (म्हणजे पॅन्ट परत करायची आशा). मग खालून हात फिरवला तर मधोमध, अगदी जिथे चारही शिवणी भेटतात तिथे, एक थेंब. पुसला. थोड्या वेळाने पुन्हा एक. मोहरीएवढा. बाकी मांड्या, गुडघे सगळं कोरडं ठणठणीत.

आता या एका मोहरीने माझ्या मांड्या पिळण्याइतक्या ओल्या केल्या नाहीत हे मलाही कळतंय. म्हणजे तो सगळा माझाच घाम 😐

पण एक आठवलं, पॅन्टचं कापड बाहेरून पहिल्या अर्ध्या तासात नुसतं पाणी झटकत होतं, अळूच्या पानावर थेंब घरंगळतात तसं. नंतर मात्र बाहेरूनही गडद पडलं, ओलं दिसायला लागलं. ते काय?

वाफेचं_इंजिन | ९ जुलै, रात्री १०:३०

ते फार महत्त्वाचं आहे, बरं झालं सांगितलंत. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. तो चिखलाने, तेलाने, घासण्याने मरतो. मेला की बाहेरचं कापड पाणी पितं. आत पडदा शाबूत असतो, पाणी आत येत नाही, पण बाहेर पाण्याचा गार थर बसल्यामुळे वाफेची वाट बंद होते आणि ती आतल्या गार कापडावर थेंब होऊन बसते. माणसाला वाटतं गळतेय. अशा बऱ्याच पॅन्टी लोक याच कारणाने फेकून देतात.

उपाय सोपा, धुणं. साध्या पावडरीने नको, फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको. निकवॅक्ससारखा याच कामाचा साबण मिळतो, तो नसेल तर सौम्य लिक्विड, आणि दोनदा जास्त खळबळून घ्या. सुकली की लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा, उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. मग नळाखाली धरा, थेंब घरंगळले पाहिजेत. नाहीच घरंगळले तर वरून लावायचा स्प्रे मिळतो. नवीन लेपांतून फ्लोरिनवाली जुनी रसायनं काढत आणलीत, ती निसर्गात पिढ्यान् पिढ्या टिकून राहतात म्हणून, त्यामुळे नवीन लेप जरा लवकर थकतो. धुणं जास्त वेळा लागतं इतकंच.

जाता जाता, गोरटेक्सचा पडदा सापडला तो चिडचिडीतून. १९६९ साली बॉब गोर टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणत होता आणि ती सारखी तुटत होती. वैतागून त्याने एक हिसका दिला आणि तुटायच्या ऐवजी ती लांबच लांब ताणली गेली, आत सूक्ष्म छिद्रांचं जाळं झालं. आमच्या लॅबमधे वैतागून हिसके देणारे भरपूर आहेत, पण फक्त काचसामान फुटतं.

नळीतून_खाली | ९ जुलै, रात्री ११:१२

इंजिनभाऊंचं सगळं मान्य. फक्त ताई वीस हजारांच्या नादाला लागू नये म्हणून लिहितो. व्हॅलीला मी दोनदा गेलोय. पुलन्यापर्यंत जीप, तिथून घांगरिया दहा किलोमीटरच्या आसपास फरसबंदी वाट, गर्दी, खेचरं, चढ. तिथे घाम येणारच, साधी क्विकड्राय आणि छत्री. हसू नका, त्या रुंद वाटेवर छत्रीसारखं दुसरं काही नाही. व्हॅलीत मुक्कामाला परवानगी नाही, रोज घांगरियात परत यायचं असतं, म्हणजे कोरडे कपडे हॉटेलात आहेतच. वॉटरप्रूफ पॅन्ट खरी लागते ती हेमकुंडला. चार हजार मीटरच्या वर उंची, पाऊस, वारा, आणि वर पोचल्यावर तुम्ही तासभर थांबता. तिथे ती वाऱ्यासाठी घालायची, पावसासाठी नव्हे.

तेवढ्यासाठी तुमची साडेतीन हजारांची पुरेशी आहे. एक नंबर मोठी असती तर अजून बरं, आत थर्मल बसतं. त्या मोहरीएवढ्या थेंबाच्या जागी शिवणीचा डिंक मिळतो तो आतून लावा, एक दिवस वाळू द्या.

लिंबूगोळी | १० जुलै, सकाळी ६:५५

बायकांसाठी एक, कोणी लिहिलं नाही म्हणून. कमरेला नाडी आणि समोर चेन आहे का, आणि ओव्हरट्राउझर सॅकचा पट्टा न सोडता खाली करता येते का हे दुकानातच बघा. आडोसा मिळेपर्यंत तीन थर सोडवत बसणं काय असतं ते पुरुषांना कळणार नाही. आणि ट्रायल रूममधे उभ्याने बघू नका, उकिडवं बसा, पाय कमरेइतका उचलून बघा. कातळावर पाय टाकताना गुडघ्यात ताणली की शिवण उसवलीच.

धुक्यातली_आजी | १० जुलै, दुपारी ३:१०

लिंबूगोळी, शंभर टक्के! आणि गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीला बांधायचं कव्हर) विसरू नका गं छत्रीताई. पॅन्टीवरून ओघळलेलं पाणी थेट बुटात जातं. पॅन्टीचा पायघोळ गेटरच्या वरून यायला हवा, आत खोचलात तर गेटर म्हणजे नरसाळं.

फाटकी_छत्री | १४ ऑगस्ट, रात्री ९:३३

आलो परत!! धागा वर आणतेय, कारण इतक्या लोकांनी लिहिलं आणि निकाल न सांगणं बरं नव्हे.

घांगरियापर्यंत नळीतून_खाली यांचं ऐकलं, क्विकड्राय आणि छत्री. भिजलो, हॉटेलात बदललं, विषय संपला. व्हॅलीत दोन दिवस झिमझिम, पॅन्ट सॅकमधेच. हेमकुंडला पहाटे निघालो तेव्हा पाऊस नव्हता, निम्म्या चढावर ढग खाली आले आणि बारीक पण गार पाऊस आणि वारा. तिथे एका दगडाच्या आडोशाला पॅन्ट चढवली. माझ्या पॅन्टीला चेन गुडघ्यापर्यंतच आहे, बूट कसाबसा गेला, पण आजींसारख्या उड्या माराव्या लागल्या नाहीत. चढताना चेन वीतभर उघडी. आतून दमट झाले हो, खोटं कशाला बोलू, पण तोरण्यासारखी पिळण्याइतकी नाही, आणि वर गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा घेऊन बाहेर तळ्याकाठी बराच वेळ उभी राहिले तरी कुडकुडले नाही. कड्यांमधे ब्रह्मकमळं होती. मोहरीचा थेंब डिंकाने बंद केला होता, तिथून काही आलं नाही.

आता नवरोबा. फुकटात भिजणारे. त्याच ट्रॅकपॅन्टवर आले, वरून गोविंदघाटला घेतलेला पातळ प्लॅस्टिकचा पोंचो, जो वाऱ्याने पहिल्या तासात झेंडा झाला. वर पोचल्यावर ओठ निळे, खिचडीचा द्रोण दोन्ही हातांनी धरून भिंतीला टेकून बसले, फोटोला सुद्धा उठले नाहीत. उतरताना शेवटी माझी पॅन्ट मागितली. दिली. ढोपराच्या खाली पुरली नाही आणि मधली शिवण उसवली.

तर डिंक पुन्हा लावतेय. आणि कोणाकडे कमर ३६ ची, कमरेपर्यंत चेन असलेली पॅन्ट पडून असेल, चिकट न झालेली, तर विपु (विचारपूस) करा, पुण्यात येऊन घेऊन जाऊ.

चहाबाज | १४ ऑगस्ट, रात्री ९:५१

माझ्याकडे आहे, पण ती आतून ओली असते